गावात नवा पोस्टमन आलाय? आधी त्याला ‘कुठले पाटील’ ते सांगा

कोल्हापूर : “पाटलांचं घर कुठलं वो?”

“कुठल्या पाटलांचं?”

करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावात नवा पोस्टमन रुजू झाला की पहिल्या आठवड्यात हा संवाद दिवसातून दहा वेळा होतो. पाकिटावर नाव असतं, आडनाव असतं, गाव असतं, पिनकोडही बरोबर असतो. पण गावात निम्मी घरं पाटलांची. त्यात एकाच नावाचे तिघं. त्यातल्या दोघांच्या वडलांचं नावसुद्धा तेच. जुना पोस्टमन पाकीट हातात घेतल्या घेतल्या सांगायचा, हे तालमीमागच्या पाटलांचं, ते माळावरच्यांचं. तो रिटायर झाला. ही माहिती कुठल्या रजिस्टरात लिहिलेली नव्हती, ती त्याच्याबरोबरच गेली.

गेल्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत पोस्टात नवी पोरं-पोरी आली आहेत. जुलै २०२४ मध्ये टपाल खात्याने देशभरात ४४,२२८ ग्रामीण डाक सेवकांची भरती काढली. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला आणखी २१,४१३ जागा निघाल्या. ही भरती दहावीच्या मार्कांवर होते, परीक्षा नाही, मुलाखत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, गावांचे पसंतीक्रम द्यायचे आणि मेरिट लिस्टची वाट बघायची. त्यामुळे लातूर-नांदेडकडचा पोरगा चंदगडच्या वाडीत येऊन पडतो आणि गडहिंग्लजची पोरगी दुसऱ्याच जिल्ह्यात जाते. दहावीपर्यंत मराठी शिकलेलं असावं लागतं. पण पुस्तकातली मराठी वेगळी आणि ‘वरल्या अंगाला जावा, म्हसोबाच्या म्होरं, जनावराच्या गोठ्याला लागून’ ही मराठी वेगळी.

हा नवा माणूस नेमका कोण?

गावात आपण सरसकट ‘पोस्टमन’ म्हणतो. खात्याच्या भाषेत तो ग्रामीण डाक सेवक. पोस्टातली जुनी माणसं अजून ‘ईडी’ म्हणतात. बातम्यांतली ईडी नव्हे, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्याच्या नेहमीच्या नोकरवर्गाबाहेरचा. नाव बदललं, पण नोकरीचा मूळ ढाचा फारसा बदललेला नाही. हे पूर्णवेळचं काम धरलेलं नाही. दिवसाला चार किंवा पाच तासांचं काम, आणि पोटापाण्याचं दुसरं साधनही असावं अशी खात्याची अपेक्षा.

शाखा डाकघरात साधारण दोन पदं असतात. ब्रँच पोस्टमास्तर ऑफिस सांभाळतो. सहायक ब्रँच पोस्टमास्तर टपालाची बॅग आणतो-नेतो आणि बटवडा करतो. लहान गावात कधी एकच माणूस दोन्ही कामं करतो. म्हणून ‘पोस्ट उघडं नव्हतं’ अशी तक्रार करण्याआधी हे बघावं, की तो त्या वेळी वाडीवर टपाल वाटायला तर गेला नव्हता ना.

पगाराचं गणितही गावाला माहीत असलेलं बरं, कारण ‘केंद्र सरकारची नोकरी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र उभं राहतं. जुलै २०१८ पासून लागू झालेल्या रचनेत सहायकाला चार तासांच्या कामाला १०,००० रुपये आणि पाच तासांच्या कामाला १२,००० रुपये मूळ मानधन आहे. पोस्टमास्तरला १२,००० आणि १४,५००. वर केंद्राच्या दराने महागाई भत्ता आणि वर्षाला तीन टक्के वाढ. २०२४ मध्ये १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर वाढीव रक्कम देण्याची योजना आली. बारा वर्षांनंतरची वाढ आहे वर्षाला ४,३२० रुपये, म्हणजे महिन्याला ३६०. आठ तासांचं काम आणि पेन्शन मिळावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये या लोकांनी देशभर संप केला होता, तो का, हे या आकड्यांवरून कळतं.

एवढ्या पैशात परगावच्या पोराने गावात खोली घ्यायची, कारण पोस्टमास्तरने डाकघराच्या गावातच आणि सहायकाने बटवड्याच्या हद्दीत राहायचं असा नियम आहे. ब्रँच पोस्टमास्तरला तर डाकघरासाठी जागाही स्वतःच बघावी लागते. म्हणून कित्येक गावांत पोस्ट म्हणजे कुणाच्या तरी घराची पुढची खोली असते. मुलगी रुजू झाली असेल तर प्रश्न आणखी वाढतात. एकटीला खोली कोण देणार, जेवणाचं काय, माळावरच्या वस्तीवर एकटीने कसं जायचं. पहिल्या दोन महिन्यांत नोकरी सोडायचा विचार मनात येतो तो टपालापेक्षा याच गोष्टींमुळे. घराजवळ बदली मिळायची सोय आहे, पण मर्यादित.

पिनकोड गावापर्यंत आणतो, दारापर्यंत नाही

पाकिटावरचे सहा आकडे काय सांगतात ते एकदा समजून घेऊ. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा पट्टा. पहिले तीन आकडे ४१६ म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गाचा भाग. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं डाकघर दाखवतात. कोल्हापूर शहर ४१६००१, इचलकरंजी ४१६११५, गगनबावडा ४१६२०६, कागल ४१६२१६, गडहिंग्लज ४१६५०२, आजरा ४१६५०५. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पोस्ट खात्यातले अधिकारी, संस्कृत कवी आणि मूळचे आपल्या शेजारच्या कोकणातले. देशात एकाच नावाची ढीगभर गावं आणि पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले, यातून वाट काढायला त्यांनी आकडे आणले.

आपल्या जिल्ह्यात एकसारख्या नावांची गंमत कमी नाही. शिरोली पुलाची हातकणंगलेत, शिरोली दुमाला करवीरमध्ये. निगवे खालसा आणि निगवे दुमाला दोन्ही करवीरचीच. कागलमध्ये कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. एका चिखलीला प्रयागमुळे ओळखायचं, दुसरी कागल तालुक्यात. नुसतं ‘सांगाव’ किंवा ‘निगवे’ लिहून टपाल टाकणारा पुण्या-मुंबईचा माणूस अर्धी चूक तिथेच करतो. खालसा म्हणजे सरकारकडे सारा जाणारं गाव आणि दुमाला म्हणजे इनाम दिलेलं गाव. हा जुन्या महसुलाचा हिशेब आज फक्त पत्त्यात उरलाय, पण तो गाळला की पाकीट भलत्याच बॅगेत जातं.

‘मु. पो.’ या दोन अक्षरांकडेही लक्ष द्या. मु. म्हणजे मुक्काम, जिथे माणूस राहतो. पो. म्हणजे पोस्ट, जिथे डाकघर आहे. दोन्ही एकाच गावात असतील तरच ‘मु. पो.’ एकत्र लिहायचं. तुम्ही वाडीवर राहता आणि पोस्ट मोठ्या गावात असेल, तर मु. पुढे वाडीचं नाव आणि पो. पुढे पोस्टाचं गाव, असं वेगवेगळं लिहायचं. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावड्यात एका शाखा डाकघराखाली कितीतरी वाड्या, वस्त्या आणि धनगरवाडे येतात. तिथे हा फरक मोलाचा आहे. सगळेच ‘मु. पो.’ लिहून मोकळे होतात आणि नवा पोस्टमन तुम्हाला मुख्य गावात शोधत बसतो.

पिनकोडचं काम डाकघरात संपतं. पुढचा दारापर्यंतचा रस्ता माणसाच्या डोक्यात असावा लागतो, आणि तो तिथे बसायला महिने लागतात.

त्यातही सगळ्यात अवघड असतं ते बायकांचं टपाल. बँकेचं एटीएम कार्ड माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि गावात ती ओळखली जाते ‘अमक्याची सून’ किंवा ‘तमक्याची आई’ म्हणून. नव्या पोस्टमनने पाकिटावरचं नाव चौकात वाचून दाखवलं तर शेजारचासुद्धा ‘आसली कोण न्हाई हितं’ म्हणतो. खोटं बोलत नसतो तो. त्याने ते नाव खरंच कधी ऐकलेलं नसतं. पाकिटावर ‘नावाचा माणूस सापडत नाही’ असा शेरा पडतो, कार्ड बँकेकडे परत जातं आणि बाई महिनाभर बँकेत हेलपाटे मारते.

पुरुषांच्या बाबतीत टोपणनावांचा घोळ. गावभर ज्याला आण्णा म्हणतात त्याचं कागदावरचं नाव त्याच्या पुतण्यालाही सांगता येत नाही.

जाणते डाक सेवक यावर एक साधा उपाय करतात. खिशात वही ठेवायची. रोज जी नवी घरं सापडतील ती गल्लीवार लिहायची. कागदावरचं नाव, गावातलं नाव, कुणाच्या शेजारी, मोबाईल नंबर, दिवसा घरी कोण असतं. अशी वही दोन-तीन महिन्यांत भरत आली की बटवड्याचा वेळ निम्म्यावर येतो. आणखी एक जागा नव्या माणसाला लवकर कळते ती म्हणजे दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला घरटी एक माणूस तिथे येतोच. भर दुपारी सगळं गाव शिवारात, ऊसतोडीला नाहीतर एमआयडीसीत. घराला कुलूप. संध्याकाळी दुधाच्या रांगेत मात्र निम्म्या गावाची ओळख होते. सही घेऊन द्यायचं टपाल तिथे तिसऱ्याच्या हातात देऊन मोकळं मात्र होता येत नाही. तिथे फक्त निरोप द्यायचा.

रजिस्टर बंद, आता काय?

गावात अजूनही ‘रजिस्टर आलंय’ असंच म्हणतात. पण २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले आणि दोन जादा सोयी आल्या. पाठवणाऱ्याने पाच रुपये आणि जीएसटी जास्त भरून ‘नोंदणी’ मागितली, तर टपाल ज्याच्या नावावर आहे त्यालाच किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसालाच मिळतं. तेवढेच पैसे भरून ‘ओटीपी डिलिव्हरी’ घेतली, तर मोबाईलवर आलेला नंबर सांगितल्यावरच पाकीट हातात पडतं.

गावात सध्या तंटे होतात ते इथेच. जुना पोस्टमन पाकीट शेजारच्या काकूंकडे ठेवून जायचा, कुणाची तक्रार नसायची. नवा देत नाही म्हणून ‘लई कायद्याचा आलाय’ असा शेरा ऐकतो. त्याचा इलाज नसतो. हातातल्या मोबाईलवर नोंद केल्याशिवाय टपाल ‘दिलं’ असं दिसतच नाही. खोटी सही घेतली आणि उद्या तक्रार झाली, तर नोकरी त्याची जाते. पाठवणाऱ्याने तुमचा जुना बंद नंबर टाकला असेल, तर ओटीपी तिकडे जातो आणि पोस्टमन दारात उभा राहूनही पाकीट देऊ शकत नाही. म्हणून अर्ज भरताना, बँकेत, आरटीओत, पासपोर्टला चालू नंबरच द्या.

घर बंद असलं की पोस्टमन सूचना ठेवतो आणि टपाल साधारण सात दिवस डाकघरात थांबतं. तेवढ्या दिवसांत ओळखपत्र घेऊन गेलं तर मिळतं. नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत. नोकरीचा कॉल, लायसन्स, पासपोर्ट, कार्ड, विम्याचा कागद असं काही येणार असेल तर पाठवणाऱ्याकडून १३ अक्षरा-आकड्यांचा नंबर घेऊन ठेवा. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. तो पोस्टाच्या वेबसाइटवर टाकला की टपाल कुठवर आलंय ते कळतं. अडचण आली तर १८०० २६६ ६८६८ हा खात्याचा टोल फ्री नंबर आहे.

मोबाईल वापरणाऱ्यांनी दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत लिंकवर अपडेट करा’ असे मेसेज पोस्टाच्या नावाने फिरतात. ते खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने सांगितलं आहे. पत्त्यात घोळ असला तर गावचा पोस्टमन फोन करेल नाहीतर दारात येईल, लिंक पाठवून कार्डचा नंबर मागणार नाही. ओटीपी पण फोनवर कुणाला सांगायचा नाही. पोस्टमन समोर, पाकीट समोर, तेव्हाच सांगायचा.

‘घेत नाही म्हणून लिही’

नव्या पोस्टमनवर सगळ्यात मोठं दडपण येतं ते नोटिशीच्या पाकिटाचं. कोर्टाची, बँकेची, भाऊबंदकीच्या दाव्यातली. पाकीट बघूनच माणूस ओळखतो आणि म्हणतो, “न्हाई गावलो म्हणून लिही.” पोरगा नवा, समोरचा गावातला वजनदार. काय करायचं?

कायदा इथे सरळ आहे. पाकीट नाकारलं तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो आणि बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली, तर कोर्ट ती बजावली असंच धरतं. म्हणजे नोटीस परत पाठवून माणसाचा फायदा काहीच होत नाही. उलट आत काय आहे ते न वाचताच तारीख निघून जाते. आणि पोस्टमनने घरात असलेल्या माणसाविरुद्ध ‘सापडला नाही’ असं लिहिलं तर तो खोटा शेरा ठरतो. गावातल्या जाणत्यांनी अशा वेळी त्या पोराची बाजू घेतली, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं गावाला खरं बोलणारा पोस्टमन मिळतो.

आज्जीचा अंगठा

टपाल कमी झालं, पण पोस्टमनची वाट बघणारी म्हातारी माणसं कमी झालेली नाहीत. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि डाक सेवकाच्या हातात बँक आली. आधारला जोडलेलं खातं कुठल्याही बँकेत असलं तरी तो अंगठा घेऊन घरी पैसे देऊ शकतो. निराधार योजनेचे पैसे, पीएम किसानचे दोन हजार, २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार. तालुक्याच्या बँकेला जायचं म्हणजे एसटीचं तिकीट आणि एक दिवसाचा रोजगार बुडतो. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

पण इथे विश्वास लागतो आणि नव्या माणसावर तो एका दिवसात बसत नाही. आज्जी म्हणते, “आधीच्या पोराला मी वळखत हुते, तू कुणाचा?” यात तिचं काही चुकत नाही. परगावच्या पोराने रागावण्यापेक्षा पहिले दोन-तीन महिने असे पैसे घरातल्या कुणाच्या तरी समोर, मोठ्याने मोजून द्यावेत आणि खात्यात किती उरले ते सांगावं. घरच्यांनीही आलेला मेसेज तपासावा. एका व्यवहाराला अंगठा एकदाच. मशीनने ‘नाही झालं’ दाखवलं आणि परत अंगठा मागितला, तर आधी बाकी बघायला सांगावी. राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा न उमटणं हे नेहमीचंच. या बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये चेहरा दाखवून आधार पडताळणीची सोय आणली ती अशाच लोकांसाठी.

विम्याची आणि खात्यांची कामंही त्याच्याकडेच असतात. ग्रामीण डाक जीवन विमा, सुकन्या समृद्धी, आरडी. पोरगा विम्याचं बोलला की ‘गळ्यात मारतोय’ असं वाटू शकतं. नको असेल तर सरळ नाही म्हणावं, त्यात वाईटपणा नाही.

पावसाळा आला की

शिरोळचा डाक सेवक आणि गगनबावड्याचा डाक सेवक यांची नोकरी कागदावर एक, पण जमिनीवर दोन. पूर्वेला मोठी गावं, सपाट रस्ते आणि नदीकाठ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीरची गावंच्या गावं घरं सोडून गेली होती, तिथे पत्त्याला अर्थच उरला नव्हता. सैनिक टाकळीसारख्या गावात घरोघरी फौजी. पोराला सीमेवर राखी पाठवायची तर ‘५६ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा फौजेचा पिनकोड टाकायचा, पोस्टिंगच्या ठिकाणाचं नाव लिहायचं नाही, हे नव्या पोस्टमनला येऊन पहिल्या श्रावणातच शिकावं लागतं.

पश्चिमेला पाऊस आणि अंतर. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की बॅगच येत नाही. वस्त्यांवर मोबाईलला रेंज नाही, म्हणजे ओटीपीही नाही. धनगरवाड्यावर एका पाकिटासाठी चिखलातून तास-दीड तास चालायचं आणि जाऊन बघावं तर दाराला कडी. अशा वाड्यांनी एक करता येईल. पोस्टाच्या गावात रोज खाली येणारा माणूस ठरवायचा, दूध घालणारा नाहीतर शाळेला जाणाऱ्या पोरांपैकी कुणी, आणि त्याचा नंबर पोस्टात देऊन ठेवायचा. टपाल आलंय एवढा निरोप वर पोचला तरी सात दिवसांच्या आत माणूस खाली येऊ शकतो.

बाकी ग्रामपंचायतीला जमण्यासारखी कामं साधी आहेत. गल्लीच्या तोंडाला नावाची पाटी, घराच्या दारावर मिळकत नंबर आणि कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव. रिटायर झालेला पोस्टमन गावातच असेल, तर त्याला चार दिवस नव्याबरोबर फिरायला सांगावं. चहा-नाष्ट्यावर तो आनंदाने फिरतो, आणि कुठले पाटील कुठे राहतात हे त्याच्याएवढं तलाठ्यालाही माहीत नसतं.